बटणावरची माळ

यंत्रांचे आणि माझे कधी जमले नाही. घरातला मिक्सर बंद पडला की मी उत्साहाने पुढे सरसावतो, आणि सौभाग्यवती मला हाताला धरून स्वयंपाकघराबाहेर आणून सोडतात. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशीच थांबले. त्याचे दुःख मला झाले नाही, आणि पदार्थविज्ञानालाही झाले नसावे. पुढे मी मुलांना मराठी शिकवू लागलो, रात्री कादंबऱ्या लिहू लागलो, आणि यंत्रांच्या वाटेला जायचे नाही असे ठरवून टाकले. असा माणूस दिवाळी अंकात विजेच्या एका पेटीवर लिहायला बसला आहे म्हटल्यावर वाचकांनी फराळाचे ताट जरा जवळ ओढून घ्यावे. पण भिऊ नये. पेटी लहान आहे, आणि गोष्ट माणसाचीच आहे.

गेल्या वर्षी खंडेनवमीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला भोसरीला बोलावले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका आडगल्लीत त्याचा लहानसा कारखाना आहे. पत्रा कापणारे, वाकवणारे, भोके पाडणारे पाच पॉवर प्रेस आणि आठ-दहा माणसे. "सर, यंदा पूजेला तुम्ही यायचंच," असे त्याने फोनवर बजावले होते.

एरवी कानठळ्या बसवणारी ती यंत्रे त्या दिवशी न्हाऊन-माखून गप्प उभी होती. प्रत्येकीच्या कपाळी कुंकू, गळ्यात झेंडू, पायाशी नारळ. एक माळ माझ्याही हाती आली. ती अडकवायला जागा शोधताना मला एक सुरेख खुंटी दिसली. पिवळ्या चकतीवर अळंब्यासारखे फुगीर, लालभडक बटण होते. मी मोठ्या भक्तिभावाने माळ त्यावर चढवली.

तो पलीकडून धावतच आला आणि त्याने माळ अलगद काढून घेतली.

"सर, बाकी कुठंही घाला. ह्याच्यावर नको. अडचणीच्या वेळी हे बटण डोळे मिटूनसुद्धा सापडलं पाहिजे."

माळ काढणारा तो उजवा हात मी पाहिला. त्याची तर्जनी आणि मधले बोट अर्ध्यावरच संपलेले आहे. त्या हाताशी माझे एक जुने देणे आहे.

2009 साली हा मुलगा आयटीआय करून माझ्याकडे आला. एका कारखानदाराशी माझी ओळख होती. मी चिठ्ठी लिहून दिली. कादंबरीकाराची चिठ्ठी ती! "मुलगा हुशार आहे आणि हाताचा फार चपळ आहे," असे मी लिहिले आणि ते वाक्य मलाच आवडले. नोकरी लागली. त्याच्या आईने मला पेढे आणून दिले.

त्या प्रेसला दोन बटणे होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही दाबली तरच वरचा जड डाय खाली यावा, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बटणांवर असावेत, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती. पण बटणांची जोडणी साधी होती, आणि दिवसाला जितके पीस जास्त तितके पैसे जास्त. आमच्या हुशार मुलाने आठवड्याभरात युक्ती काढली. आइस्क्रीमची एक काडी घेतली आणि पाचर मारून डावे बटण कायमचे दाबून ठेवले. आता उजव्या हाताने बटण दाबायचे आणि तोवर डाव्या हाताने पुढचा पत्रा उचलून ठेवायचा. काम सपाट्याने होऊ लागले. मालकाने पाहिले आणि पाहिले नाही असे केले. 1948 च्या कारखाना कायद्यात यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे 21 वे कलम होते. पण कलम काही गल्लीबोळांतून फिरत नाही.

2010 च्या पावसाळ्यात एके दिवशी पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला उजवा हात आत गेला आणि त्याच घाईत डावा हात चालू बटणावर पडला. त्या जुन्या प्रेसचा क्लच एकदा गुंतला की पूर्ण फेरा मारूनच सुटे. मी इस्पितळात गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "सर, कुणाचा दोष नाही. काडी मीच लावली होती." घरी परतताना बसमध्ये मला माझेच वाक्य आठवत राहिले. हाताचा फार चपळ.

पूजा आटोपल्यावर त्याने एका प्रेसचे पॅनेल उघडले आणि आत बोट दाखवले. तारांच्या गर्दीत जेमतेम दोन बोटे रुंदीची एक पेटी, तिच्यावर हिरवे दिवे. "हा सेफ्टी रिले," तो म्हणाला, "माझ्या वेळी तिथं हा नव्हता."

मग त्याने मला पाचवीच्या मुलाला सांगावे तसे सांगितले. रिले म्हणजे तारेचे एक वेटोळे. त्यात वीज सोडली की ते लोहचुंबक होते आणि लोखंडाची एक जीभ ओढून घेते. वाट जुळते, यंत्र चालू होते. वीज गेली की स्प्रिंग जिभेला मागे खेचते आणि वाट तुटते. तारायंत्राच्या काळापासूनची ही युक्ती. लांबून थकून आलेला प्रवाह ताज्या प्रवाहाच्या हाती निरोप देई, टपालाच्या टप्प्यावर घोडे बदलावेत तसा.

"पण साध्या रिलेला एक खोड आहे," तो म्हणाला. "ठिणग्या उडून उडून जीभ कधीतरी चिकटून बसते. मग तुम्ही थांबवायचं बटण कितीही दाबा, यंत्र चालूच."

सेफ्टी रिलेच्या पेटीत म्हणून असे दोन रिले असतात आणि यंत्राची वाट दोघांतून जाते. एक चिकटला तरी दुसरा सुटतो. एवढ्यावरही पेटीचे समाधान होत नाही. प्रत्येक रिलेची कामाची जीभ आणि साक्षीची जीभ एकाच दांडीला जखडलेली असते. कामाची चिकटली, तर साक्षीची जागेवर येऊच शकत नाही. म्हणजे तिला खोटी साक्ष देताच येत नाही. साक्ष पटली नाही की पेटी पुढे यंत्र सुरूच होऊ देत नाही. जर्मनीतल्या पिल्झ कंपनीने 1987 साली अशी पेटी बाजारात आणली. त्याआधी हेच काम सुटे रिले एकमेकांना जोडून करावे लागे.

माझा समज असा, की लाल बटण दाबले की आतून वीज धावत जाते आणि यंत्राला थांबवते. प्रकार अगदी उलटा निघाला. बटणातून वीज सदैव वाहत असते, आणि ती दोन वेगवेगळ्या तारांनी पेटीकडे जाते. बटण दाबले की ती तुटते. उंदराने तार कुरतडली, स्क्रू ढिला झाला, कुठे काही निसटले, तरीही ती तुटते आणि यंत्र थांबते. चालण्यासाठी सगळे ठीक असावे लागते, थांबायला कुठलीही एक शंका पुरते. आणि थांबल्यावर लाल बटण फिरवून मोकळे केले, तरी यंत्र आपोआप चालू होत नाही. माणसाने आत कोणी नाही हे पाहून रीसेटचे वेगळे बटण दाबावे लागते.

"आता काडी लावून बघा," तो म्हणाला आणि खिशातून खरोखरच आइस्क्रीमची एक काडी काढली! नव्या माणसाला शिकवायला तो ती जवळ बाळगतो. डाय रिकामा होता, तो स्वतः शेजारी उभा होता. डाव्या बटणात काडी ठोकून मी उजवे बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. प्रेस ढिम्म. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दोन्ही सोडली गेली पाहिजेत, नाहीतर पेटी हलत नाही. काडी काढून मी दोन हातांनी प्रयत्न केला. तरी काही नाही! चाळीसहून अधिक वर्षे एकाच देहात राहून माझे दोन हात अजून एकमेकांची वाट पाहतात, असे दिसले. तिसऱ्या खेपेला जमले आणि डाय असा धाडकन खाली आला की मी दोन पावले मागे सरलो. माझे दोन्ही हात मात्र बटणांपाशी, सुरक्षित होते.

"पण सर, पेटी म्हणजे देव नव्हे," तो म्हणाला. ती फक्त हुकूम देते. थांबायचे काम क्लचचे आणि ब्रेकचे. जुन्या क्लचच्या प्रेसला मध्येच थांबताच येत नाही, म्हणून त्याने हवेवर चालणारे क्लच घेतले आहेत. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात. यंत्राला थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर तेवढ्यात हात 32 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून बटणे कुठे बसवायची याचेही गणित असते. हाताच्या चपळाईचे गणित! मी मान खाली घालून ऐकत होतो.

निघताना मी त्याला त्या चिठ्ठीबद्दल बोललो. पंधरा वर्षे बोललो नव्हतो. तो हसला. "सर, ती चिठ्ठी तुम्ही प्रेमानं लिहिली होती," म्हणाला आणि पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत घातला.

यंदा आमच्या शाळेतला आणखी एक मुलगा आयटीआय करून चिठ्ठी मागायला आला, आणि त्याच कारखान्यासाठी. मी फोन लावून विचारले, काय लिहू? पलीकडून उत्तर आले, "हुशारी मी बघून घेईन सर. शंका आली तर काम थांबवून विचारतो का, एवढं कळवा."

मी विचारात पडलो. हा मुलगा नववीत असताना धडा रंगात आला की हमखास हात वर करी आणि म्हणे, "सर, कळलं नाही." मी चिडत असे. एकदा तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले होते.

दोन कागद फाडले, मग तिसऱ्यावर लिहिले: "हा मुलगा कळले नाही तर मध्येच थांबवून विचारतो. मला त्याचा पूर्वी फार त्रास होत असे." खाली सही केली आणि पाकीट त्याच्या हाती दिले.