सुट्टीतली चूल

परदेशी सुट्टीचं बुकिंग करताना विमानाच्या तिकिटांवर घरात फार वेळ जात नाही. घोळ होतो तो राहण्याच्या जागेवर. न्याहारीपासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सगळं एकाच रकमेत देणारं हॉटेल घ्यायचं, की दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर असलेला फ्लॅट? मराठी माणसाला तिसरा मार्गही माहीत आहे: सोबत आचारी नेणारी टूर आणि आल्प्सच्या पायथ्याशी पिठलं-भात. पण नातेवाईक परदेशात असले आणि त्यांच्या मुलांच्या शाळेच्या सुट्टीत कुठेतरी एकत्र भेटायचं असलं, की पहिल्या दोघांतूनच निवड करावी लागते.

या दोन्ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात रुजल्या. बेल्जियमचा वॉटरपोलो खेळाडू जेरार ब्लिट्झ याने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे क्लब मेडचं पहिलं सुट्टीगाव वसवलं. राहायला तंबू होते, पण जेवणखाण त्याच रकमेत. पुढे क्लब मेडच्या गावांत गळ्यातल्या मण्यांनी बारचे पैसे चुकते करायची पद्धत आली. पाकीट खोलीत ठेवा आणि विसरा. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या तिला भरलेलं टेबल केवढं मोठं वाटलं असेल! त्याच सुमारास, १९५१ मध्ये, फ्रान्समधल्या डोंगराळ भागात पहिलं ‘जीत’ सुरू झालं. ओस पडत चाललेल्या खेड्यातलं घर नीटनेटकं करून शहरातल्या कुटुंबाला भाड्याने द्यायचं, शेतकऱ्याला चार पैसे मिळायचे आणि पाहुण्यांनी आपलं आपण रांधून खायचं. म्हणजे एकाने पाहुण्याला चुलीपासून सोडवलं, दुसऱ्याने त्याला गावातली एक चूल दिली.

आम्ही ग्रीसच्या क्रीट बेटावर गेलो तेव्हा भाचीने दोन्ही केलं. सुरुवातीचे दिवस समुद्रकाठच्या हॉटेलात, नंतरचे हानिया गावातल्या फ्लॅटमध्ये. पहिल्यापासून फ्लॅट घ्या, असा माझा आग्रह होता. परक्या गावात भाजी घेतल्याशिवाय ते गाव कळत नाही असं मला मनापासून वाटतं. वहिनी मात्र ठाम होती. “तुम्हाला बाजार बघायचाय, मला ओटा बघायचा नाही,” म्हणाली.

तिचं म्हणणं मला हॉटेलातल्या पहिल्या सकाळी पुरतं समजलं. वहिनी खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. समोर गरम ऑम्लेट, टोस्ट, टोमॅटोच्या चकत्या. तिने आधी टोस्टला लोणी लावलं, सावकाश, कडेपर्यंत. मग खाल्लं. मग पुन्हा उठून दुसरा गरम टोस्ट घेऊन आली. तिचं लग्न झाल्यापासून मी तिला ओळखते. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर, शेवटची पोळी तव्यावरून उतरवून गॅस बंद केल्यावर ही बाई जेवायला बसते. तोवर वरण निवलेलं असतं, आणि ती ते पुन्हा गरमही करत नाही. त्या सकाळी तिने गरम अन्न गरम असताना खाल्लं. ऑल-इन्क्लुझिव्ह सुट्टीला आळशी म्हणणाऱ्यांनी घरोघरच्या अशा बायका डोळ्यांपुढे आणाव्यात. घरातून निघूनही जिला पाच जणांची कणीक मळावी लागते, तिच्या सुट्टीला सुट्टी म्हणता येत नाही. ‘सेल्फ-केटरिंग’च्या जाहिरातीत मोकळेपणा, घरगुतीपणा असं पुष्कळ काही लिहिलेलं असतं, ते घरगुतीपण कोणाच्या हातून होणार, तेवढं नसतं.

आणि तरीही हानियात गेलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तिथे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. त्याला लाइकी म्हणतात. सकाळी आम्ही पिशव्या घेऊन गेलो तर पहिल्याच गाळ्यावर हिरव्या पालेभाजीचा ढीग. पान हातात घेतलं, देठ मोडून पाहिला. माठ! माठाच्याच कुळातली ही भाजी तिथे व्लीता म्हणून उन्हाळाभर खातात. शेजारी जाड देठांची, मांसल पानांची घोळ. आपण ती डाळ घालून शिजवतो, ते टोमॅटो-काकडीबरोबर कच्ची खातात. पुढे बोटाएवढी भेंडी. विकणाऱ्या आजींना एक शब्द इंग्रजी येत नव्हता. माठ कसा करायचा ते त्यांनी हातांनी सांगितलं: उकडा, पाणी काढा, वरून ऑलिव्ह तेल, मग लिंबू पिळा. लिंबू पिळायची खूण करताना त्यांनी मूठ तीनदा आवळली, म्हणजे कंजूषपणा नको. ग्रीसमध्ये फावा नावाचं पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं. सांटोरिनी बेटावर ते ज्या दाण्याचं करतात तो विदर्भातल्या लाखोळीचा भाऊबंद आहे, हे कळल्यावर तर मी डाळीचं पुडकं उचललंच.

हे जेवण क्रीटच्या गरिबीतून आलेलं आहे. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने १९४८ मध्ये या बेटावरच्या लोकांची पाहणी केली. पालेभाज्या, कडधान्यं, भाकरी-पाव, फळं आणि भरपूर ऑलिव्ह तेल, असा त्यांचा आहार निघाला. पुढे जगभर गाजलेल्या भूमध्य आहाराची ही सुरुवातीची नोंद. हॉटेलच्या बुफेत पास्ता होता, पिझ्झा होता, तीन तऱ्हांचे बटाटे होते. उकडलेला माठ नव्हता. त्यात स्वयंपाक्यांचा दोष नाही. दहा देशांच्या पाहुण्यांना एकाच वेळी चालेल असं शिजवायचं, तर गावाची चव आधी जाते.

फ्लॅटमधलं काम आम्ही वाटून घेतलं. भाचीचा नवरा रांधायचा, मी चिरायची, मुलं टेबल मांडायची, दादा भांडी घासायचा. सुरी बोथट, तवा पातळ, विजेची शेगडी तापायला उशीर. फोडणी देताना खिडकी सताड उघडायची, नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा वाजायचा. लसूण-मिरचीची फोडणी दिलेला माठ एका वाडग्यात आणि आजींच्या रीतीचा दुसऱ्यात. दुसरं वाडगं आधी संपलं. मसाले आणि चहापत्ती घरून नेली होती. तूप नेलं नव्हतं, कारण दुधामांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणता येत नाहीत. त्याची उणीव तिथल्या तेलाने भासू दिली नाही.

आणखी एका गोष्टीसाठी मला फ्लॅट हवासा वाटतो. सगळे पैसे आधीच भरलेला पाहुणा दाराबाहेर खर्च करायला सहसा निघत नाही. हॉटेलच्या भिंतीला लागून असलेल्या खानावळीत मी संध्याकाळी रिकामी टेबलं पाहिली. मालक दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाक मारत होता. किनारा त्याचा, पाणी त्याच्या बेटाचं, आणि गिऱ्हाईक मात्र मनगटाला पट्टी बांधून आत. ज्या गावात राहायला जातो त्या गावाला पाहुण्याचा उपयोग व्हावा, असं मला फार वाटतं.

म्हणून पुढच्या उन्हाळ्याचं आम्ही असं ठरवलं आहे: गावातला फ्लॅट, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, दुपारचं साधं जेवण पुरुषांनी आणि मुलांनी करायचं, रात्रीचं बाहेर. त्याचे पैसे आधीच बाजूला काढायचे, म्हणजे तिथे मेन्यूकार्डावर उजवीकडचे आकडे बघत बसायला नको. क्रीटच्या खानावळीत जेवण झाल्यावर न मागता कलिंगडाच्या फोडी आणि राकी या तिथल्या दारूचे इवलेसे पेले येतात, आणि बिलात ते धरत नाहीत. वहिनीला ते फार आवडलं होतं. यादी वाचून तिने मान हलवली. फक्त सकाळचा चहा स्वतःकडे ठेवला. “तो मी माझ्या हौसेने करणार,” म्हणाली, “आणि गॅलरीत बसून पहिला कप मीच घेणार.”