पाणी कुठवर?

ऐतिहासिक चित्राची ऑर्डर देणारा माणूस आधी तलवारी मोजतो. खांदेरीच्या चित्रात तलवारी जवळजवळ नसतील म्हटल्यावर आमचं गिऱ्हाईक हिरमुसलंच. १६७९च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांचा मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन त्या बेटावर उतरला, तेही मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर. ओसाड बेटावर कापणार कोणाला? भिंत घालायची होती. आधी उठला तो कमरेएवढा दगडी आडोसा. म्हणून माझ्या चित्रात हातांत पहारी, डोक्यांवर पाट्या.

वेळ मी पहाटेची धरली, चंद्र नसलेली. पहिला कॅनव्हास वाया गेला. त्रिकोणी शिडं, वल्ही झकास. माणसं मात्र पाण्यात उतरलेली वाटेनात, पाण्यावर चिकटवल्यासारखी दिसत.

मी राहतो त्या वांगणीला समुद्र कुठला? उल्हास नदीवर गेलो. शेजारच्या दोन पोरांना घमेली देऊन गुडघाभर पाण्यात चालवलं. ती सारखी खाली बघायची. अंधारात खाली बघून काय दिसणार?

मग आमच्या चाळीतले काका आले. त्यांना दिसत नाही. वांगणीत अंध माणसांची घरं पुष्कळ. "तासाचे किती देणार?" हे आधी ठरवून घेतलं, पोरांना दोन्ही बाजूंना ठेवलं आणि मगच उतरले. मान सरळ. पुढच्या पायाचा अंगठा दगड चाचपतो, शेवाळ लागलं की मागे येतो; तोवर सगळा भार मागच्या, किंचित वाकलेल्या गुडघ्यावर. तो गुडघा मी अकरा वेळा काढला.

दुसरी चूक गलबतांची. सगळी सारखीच बुडालेली काढली होती. माणसं उतरली की गलबत हलकं होऊन वर येतं, फळीवर ओला काळा पट्टा उघडा पडतो. आता रिकाम्या होणाऱ्या गलबताला तो चार बोटं दिला. भरलेल्याला अजिबात नाही.

राहिला नायक. लॉइत्झच्या १८५१च्या प्रसिद्ध चित्रात वॉशिंग्टन हलत्या होडीत ताठ उभा आहे. कुठल्याही तांडेलाने त्याला खाली बसवलं असतं.

"यातला मायनाक कोणता?" गिऱ्हाइकाने विचारलं.

कंबरभर पाण्यात गलबताला खांदा लावलेला माणूस मी दाखवला.

"फेटा तरी लाल करा."

केला. पहाटेच्या त्या उजेडात लाल रंग काळाच दिसतो.