फळी सोडायची नाही

माझी भाची दोनापावलाला विंडसर्फिंग करते. आम्ही बेळगावची माणसं. आम्हाला पाणी म्हणजे विहीर, फार तर राकसकोपचं धरण. एकदा तिला सरळच विचारलं, "अगं, भर समुद्रात काही मोडलं तर?"

"मोडतंच की, मावशी."

शीड आणि फळी जोडणारा सांधा तुटतो, डोलकाठी मोडते, कधी वाराच पडतो. सगळ्यात फसवा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. शाळेत शिकलो ते मतलई वारे. काठाशी पाणी कसं शांत दिसतं, पण पुढे गेलं की तोच वारा आत आत नेतो.

"मग पोहत यायचं ना?"

"फळी सोडून? कधीच नाही!"

काठ दिसतो त्याहून लांब असतो. माणूस थकतो, फळी बुडत नाही. शोधणाऱ्यांनाही डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. शीड डोलकाठीभोवती गुंडाळून फळीवर घ्यायचं, पालथं पडून हातांनी वल्हवत यायचं. तेही जमेना, तर शीड सोडून द्यायचं. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करायचे.

शीड महागाचं असतं म्हणे. तरी सोडायचं! घराला आग लागली तरी आपण बायका आधी कपाटाकडे धावतो. काय सोडायचं, हे संकटाआधीच ठरवलेलं बरं.

हल्ली मी तिला "जाऊ नकोस" म्हणत नाही. वारा कुठला आहे आणि किनाऱ्यावर कुणाला सांगून निघालीस, एवढंच विचारते.