गाडग्यांची तोंडं

बारीक वस्तू रंगवायला हात स्थिर लागतो, असं जो तो सांगतो. माझा हात स्थिर आहे. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवतो. तरीही आमच्या आळीच्या नाताळच्या गोठ्यासाठी रंगवलेल्या माझ्या बहुतेक वस्तू चुकल्या, आणि त्यातली एकही हात थरथरला म्हणून चुकली नाही.

गोठा म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गव्हाण मांडून, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव उभं करून या प्रथेला चालना दिली, असं मानतात. पुढे नेपल्सच्या कारागिरांनी त्या देखाव्यात आपलं अख्खं गाव घुसवलं; बाळ येशूच्या शेजारी मासळीवाला आला, पाववाला आला, भाजीचं दुकान आलं. वसईच्या पश्चिम पट्ट्यातही नाताळात आळीआळीत गोठे लागतात, स्पर्धा होतात, आणि बेथलेहेमला नारळ होते की नव्हते याची चिकित्सा कोणी फारशी करत नाही. एका वर्षी आमच्या मंडळींनी ठरवलं की जन्म थेट आपल्या वाडीत दाखवायचा. कौलारू घर, ओटा, केळी, बावखल आणि बावखलाच्या कडेला रहाट. सुतारकाम येणाऱ्यांनी घर घेतलं, तरुण पोरांनी दिव्यांची वायरिंग घेतली. 'बारीक काम तू कर,' म्हणून रहाट माझ्याकडे आला.

बावखल हे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवतं आणि समुद्राकडून सरकणारा खारेपणा थोपवतं. पूर्वी त्यावर रहाट चालायचे. बैल गोल फिरला की आडवं दातेरी चाक फिरायचं, ते उभ्या चाकाला फिरवायचं, आणि उभ्या चाकावरून मातीच्या गाडग्यांची माळ पाण्यात उतरून वर यायची. गाडगी पन्हळीत रिकामी व्हायची आणि पाणी पाटाने वाडीत जायचं. लहानपणी मी रहाटाच्या दांड्यावर बसून चकरा मारलेल्या आहेत. म्हणजे ज्या वस्तूची प्रतिकृती मला करायची होती, तिच्याभोवती मी स्वतः फिरलो होतो. ही गोष्ट पुढच्या हकिगतीत लक्षात ठेवावी लागेल.

प्रमाण धरलं १:२४. दोन फुटांचा एक इंच, हिशेबाला सोपं. साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा होतो आणि वीतभर गाडगं सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी. गाडगी मी एमसीलची वळली. टूथपिकच्या टोकावर गोळी फिरवायची, तोंडाशी खळगा पाडायचा, गळ्याशी नखाने दाब द्यायचा. आकार सुरेख उतरला. मग मी घाई केली. एमसील कडक झालं की त्याचा पृष्ठभाग तुळतुळीत होतो, वर हाताचं तेलही राहिलेलं असतं. साबणाच्या पाण्याने धुवावं, बारीक पॉलिश पेपर फिरवावा, प्रायमरचा पातळ हात द्यावा आणि मग रंगाला हात घालावा. मी यातलं काहीही न करता घरात पडलेले मुलांचे पोस्टर कलर उघडले.

शिवाय प्रत्येक गाडगं चिमटीत धरून रंगवलं. चिमटीत धरलेल्या वस्तूची एक बाजू नेहमी झाकलेली राहते. ती रंगवायला वस्तू फिरवावी, तर आधीच्या बाजूवर अंगठ्याचा ठसा उमटतो. तो ठसा मिटवायला पुन्हा रंग, आणि रंगाचे थर चढत चढत तोंडाचा खळगा बुजतो. गाडग्यांचे मणी झाले. प्रत्येक तुकडा तारेच्या टोकावर खोचायचा आणि तारा थर्माकोलमध्ये रोवून ठेवायच्या, एवढी साधी गोष्ट मला नंतर एका गणपती रंगवणाऱ्या कारागिराने सांगितली. सांगताना तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

ब्रशच्या बाबतीत तर मी पैसे खर्चून चूक विकत घेतली. वस्तू बारीक तर ब्रशही बारीक, या तर्काने मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून तीन शून्यांचा, मोजके केस असलेला ब्रश आणला आणि विरार लोकलच्या गर्दीतून तो छातीशी धरून घरी पोहोचवला. त्या ब्रशात रंग मावतच नाही. टोकावर घेतलेला थेंब वस्तूपर्यंत जाईतो सुकतो, मग आपण जोर देतो, आणि सुकलेला रंग पृष्ठभागावर खरडला जातो. आता मी दोन नंबरचा, पण टोक जुळणारा ब्रश वापरतो. पोटात रंग राहतो आणि टोकाने गाडग्याचा काठही निघतो. पाहणाऱ्यांना तो ब्रश जाड वाटतो. वाटू द्या.

पहिल्या वर्षीचा निकाल मात्र दवाने लावला. गोठा अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली होता. डिसेंबरात पहाटे झावळ्यांवरून दव टपकतं, हे वसईतल्या कोणत्याही पोराला ठाऊक असतं. पोस्टर कलर वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो, हेही शाळकरी पोराला ठाऊक असतं. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला मी त्यांची गाठ घालायला विसरलो. नाताळच्या सकाळी मिस्सा आटोपून लोक गोठा पाहायला आले, तेव्हा गाडग्यांचा गेरू ओघळून चुना दिलेल्या भिंतीवरून थेट योसेफच्या झग्यापर्यंत आला होता. एका बाईने क्रूसाची खूण केली. तिला त्यात काय दिसलं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी सगळं शास्त्रशुद्ध केलं. प्रायमर, अॅक्रिलिक रंग, तारा, शेवटी मॅट वार्निश. गाडगी भट्टीतून नुकती काढल्यासारखी केशरी झळकत होती आणि मी खूश होतो. आमच्या आळीत एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांच्या वाडीतला रहाट पंप आला तेव्हा थांबला. ते आले, कमरेत वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हा रहाट कुणी चालवलाच नाही वाटतं."

मी म्हटलं, "काका, प्रतिकृती आहे ती."

"ते दिसतंय रे. पण पाण्यातलं गाडगं असं केशरी असतं होय? शेवाळ कुठाय? सुंभाने घासून गळ्याला काळा वळ पडतो, तो कुठाय? आणि सगळी एका वयाची कशी? गाडगं फुटतं की नाही? फुटलं की नवं बांधायचं. माळेत दोन-चार तरी नवी दिसायला हवीत."

त्यांनी माझ्या ब्रशकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडगं म्हटलं की गेरू, पान म्हटलं की हिरवं, एवढ्यावर मी रंगवत होतो. मग काकांच्या ओट्यावर बसून मी विचारत गेलो आणि लिहून घेत गेलो. घरी येऊन गाडग्यांना गडद तपकिरी रंग दिला, त्यावर हिरवट काळा वॉश सोडला, म्हणजे इतका पातळ रंग की तो आपसूक गळ्याच्या खाचेत जाऊन बसतो. चार गाडगी नवी ठेवली. वर येणाऱ्या गाडग्यांच्या काठांना चमकदार वार्निशचं बोट लावलं, तेव्हा ती प्रथमच ओली दिसली.

बावखलाचं पाणी मी निळं केलं होतं, हे सांगायला अजूनही जड जातं. त्यात आभाळापेक्षा माडांच्या सावल्या जास्त असतात. रंग काळपट हिरवा, कडेला मातकट. ती चूक ब्रशने सुधारली, पण पाण्याला खोली यावी म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंद जाड थराने ओतला. गोंद वरून सुकतो, साय धरतो, आणि त्या सायीखाली हवेअभावी तसाच राहतो. आमच्याकडच्या दमट हवेत तर बघायलाच नको. नाताळ येऊन गेला, तीन राजांचा सणही झाला, बावखलाच्या मध्यभागी दूध ते दूधच. पारदर्शक वार्निशचे पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा, असं करायला हवं होतं.

ओट्यावरच्या कंदिलाची काचही अशीच गेली. ती पारदर्शक प्लास्टिकच्या नळीची होती. सुपरग्लूने चिकटवून, उडू नये म्हणून मी वर डबी पालथी घातली. सुपरग्लूची वाफ कोंडली की जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते, आणि पारदर्शक प्लास्टिकवर ती लगेच दिसते. डबी काढली तर काच धुरकट. ही एकच चूक माझ्या पथ्यावर पडली. खऱ्या कंदिलाची काच तरी कुठे स्वच्छ असते, असं म्हणून मी ती तशीच ठेवली. परीक्षकांनी त्या काजळीचं कौतुक केलं आणि मी ते निमूट ऐकून घेतलं.

लाल लुगड्याची बाई मात्र मला अजून साधलेली नाही. वाडीत आमच्याकडच्या सामवेदी समाजाची बाई हवी आणि तिच्या अंगावर लाल चौकडीचं लुगडं हवं, हा माझाच आग्रह. अर्ध्या इंचाची चौकट १:२४ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची होते. मी जिद्दीने सगळ्या चौकटी काढल्या. जवळून ते कौशल्य वाटलं. दोन पावलं मागे सरलो तर बाई ल्युडोचा पट नेसून उभी. शिवाय लाल रंग डबीतला तसाच वापरलेला. लहान वस्तूवर भडक रंग आणखी गडद आणि जड दिसतो, तो थोडा फिका करावा लागतो, हे वाचलं होतं. म्हणून पुढच्या बाईच्या लालमध्ये पांढरा मिसळला आणि लुगडं गुलाबी झालं. आळीतल्या बायकांनी ते लांबूनच ओळखलं आणि 'ही कुठली?' असं विचारलं. लाल फिका करायला नारिंगी किंवा पिवळी माती घालावी, आणि चौकटी सगळ्या न काढता निऱ्यांच्या उंचवट्यावर चार-सहा रेघा सुचवाव्यात. आता कळतं, तरी निऱ्यांच्या घडीत रेघ कुठे मोडायची, ते जमत नाही. आमच्या घरातलं शेवटचं लुगडं कधीच ट्रंकेत गेलं आणि नेसणारी माणसंही गेली. फोटोत घडी दिसत नाही.

आता शीर्षकातली गोष्ट. गाडगी रंगवून झाली, ओली दिसली, आणि मी ती माळेवर चिकटवली. देखणी दिसावीत म्हणून सगळ्यांची तोंडं वर. परीक्षक आले, टॉर्च मारून पाहिलं, 'बारकाईचं काम' असा शेरा मारून आम्हाला दुसरा क्रमांक देऊन गेले. संध्याकाळी काका आले. या वेळी त्यांना वाकावंही लागलं नाही.

"दोन्ही बाजूंची तोंडं वर?" ते म्हणाले. "मग रिकामी कधी होतात रे?"

माळ चाकावरून फिरली की गाडगं उलटतं. एका बाजूने तोंड वर करून भरलेलं चढतं, दुसऱ्या बाजूने पालथं उतरतं. पालथं होतं म्हणूनच पन्हळीत पाणी पडतं. त्या माळेशेजारून चकरा मारत माझं बालपण गेलं होतं, आणि परीक्षकांचंही गेलं असावं, कारण ते याच भागातले. कोणालाच काही खटकलं नव्हतं.

रात्री बसून एका बाजूची गाडगी उपटली. ती रंगावर चिकटवलेली असल्याने गोंदाबरोबर रंगाची साल निघाली, तिथे पुन्हा तपकिरी, पुन्हा वॉश. कडेची बाजू हाताला सोपी होती म्हणून तीच पालथी केली. दुसऱ्या दिवशी काकांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी गाडगी पाहिली, मान डोलावली. मग चाकांच्या दात्यांवरून बोट फिरवत ते बैलापाशी आले.

"ही बाजू उतरती केलीस," ते म्हणाले, "म्हणजे चाक इकडून फिरणार. मग बैल उलटा चाललाय."

बैलाचे खूर मी सुपरग्लूने बसवले होते आणि वर वाळूचा थर देऊन तो पक्का केला होता. हलवला असता तर पाय मोडले असते.

"राहू दे," काका म्हणाले. "पुढल्या वर्षी बैल शेवटी चिकटव."