विचारण्यात शरम कसली?

कॉम्प्युटरवर शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना एक अडचण हमखास येते. मूल अडतं आणि घरात त्याला सांगणारं कोणी नसतं. गणित चुकलं तर आपण सांगतो, निबंध चुकला तर मोठा भाऊ सांगतो, कुराण शरीफ वाचताना उच्चार चुकला तर दादी शेजारच्या खोलीतून दुरुस्त करते. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही अडलं की घरातली सगळी वडीलधारी माणसं एकमेकांकडे बघत बसतात. आमच्या घरी असा प्रसंग आला तेव्हा काय केलं आणि त्यातून काय हाती लागलं, ते आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. ज्यांच्या घरात असं शिकणारी मुलं आहेत त्यांना उपयोगी पडेल, म्हणून.

आमचं घर लोणावळ्यात. आमच्यापैकी एकाचं कामशेतला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, दुसरी घरी शिवणकाम करते. इंद्रायणी आणि पवनेच्या काठच्या गावांतून पाण्याच्या मोटारी दुकानात दुरुस्तीला येतात. थोरली मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज लोकलने कॉलेजला जाते. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात इंजिनिअरिंगपर्यंत पोचलेली ती पहिलीच. त्यामुळे ती अडली की तिच्या पुढे गेलेलं, हाक मारून विचारावं असं माणूस नाही.

तिच्या अभ्यासात चित्रांनी प्रोग्रॅम करण्याचा एक प्रकार आहे. एरवी प्रोग्रॅम म्हणजे इंग्रजी शब्द आणि आकड्यांच्या ओळी. इथं तसं नसतं. पडद्यावर चौकोन मांडायचे, प्रत्येक चौकोनाला एक काम, आणि चौकोन तारांनी जोडायचे. एका चौकोनातून निघालेला आकडा तारेतून दुसऱ्यात जातो. १९८६ मध्ये अमेरिकेत निघालेलं लॅबव्ह्यू हे यातलं फार नावाजलेलं सॉफ्टवेअर. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ते वापरतात. त्यात तार चुकीची जोडली तर प्रोग्रॅम सुरू करण्याचा बाण तुटलेला दिसतो. बल्बचं चित्र असलेलं बटण दाबलं तर आकडे तारांमधून हळूहळू सरकताना दिसतात. मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं, कारण त्याचं सारं आयुष्य तारेचं एक टोक दुसरीकडे कुठं गेलं ते शोधण्यात जातं.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलगी सायलॅब वापरते. फ्रान्समध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्याच्यासोबत एक्सकॉस नावाचा भाग येतो, त्यातही असेच चौकोन आणि तारा. काळ्या तारांतून आकडे जातात, लाल तारांतून घड्याळाची टिकटिक जाते.

तिनं प्रोजेक्टसाठी विषय घेतला पाण्याच्या टाकीचा. लोणावळ्याच्या माणसाला हा विषय सुचणं साहजिक आहे. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी किती आलं आणि किती गेलं याचीच चर्चा असते. भुशी धरण भरून पायऱ्यांवरून वाहू लागलं की पर्यटकांची रीघ लागते. वलवणसारख्या धरणांचं पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन त्यावर १९१५ पासून वीज तयार होते. टाकी लहान असो की धरण मोठं, हिशेब एकच. आत किती येतं, बाहेर किती जातं, आणि पातळी त्यामुळे किती वाढते किंवा उतरते. गंमत अशी की खालच्या नळाचा जोर पाण्याच्या उंचीवर ठरतो, पण सरळ पटीत नाही. पाणी दुप्पट उंच झालं तर नळातून दुप्पट पाणी येत नाही, साधारण १.४ पट येतं. हा सगळा हिशेब तिनं चौकोनांत मांडला. शेवटचा चौकोन आलेखाचा, पातळीची रेषा दाखवणारा.

प्रोग्रॅम सुरू केला. आलेखाची खिडकी उघडली, तीही कोरी. रेषाच नाही.

तीन दिवस ती तारा काढून पुन्हा जोडत होती. सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं. शुक्रवारी रात्री तिच्या वर्गातल्या मुलीनं फोनवर सांगितलं की पुण्यात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. पैसे द्या, फाइल घ्या, आपलं नाव टाका. आमची लेक तसं करणारी नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या रात्री जेवताना ती बोलली नाही, आणि नंतर तिनं हळूच विचारलं, “अब्बू, असा प्रोजेक्ट कितीला पडत असेल?” पैशांचा प्रश्न नव्हता. आपल्याला हे जमणार नाही असं तिला वाटू लागलं होतं, आणि ती गोष्ट आम्हाला पैशांपेक्षा मोठी वाटली.

तिनं त्याआधी मदत मागितली नव्हती असं नाही. इंटरनेटवरच्या विद्यार्थ्यांच्या एका गटात तिनं एका ओळीत लिहिलं होतं, की माझं मॉडेल चालत नाही, कृपया मदत करा. दोन दिवसांत उत्तर आलं नव्हतं. पुन्हा विचारायला ती कचरत होती. त्यात शनिवारी सकाळी आलेल्या मामूंनी वेगळीच सूचना केली. म्हणाले, मुलीच्या नावानं परक्या माणसांना विचारू नका, धाकट्या भावाच्या नावानं विचारा.

लेक म्हणाली, “मामू, प्रश्न माझा आहे. उत्तर आलं तर समजायचंही मला आहे. मग नाव त्याचं कशाला?”

मामूंची काळजी खोटी नव्हती. मुलींना इंटरनेटवर काय काय सोसावं लागतं ते आपण सगळे ऐकतो. पण दादींनी वाद एका वाक्यात मिटवला. “जे चारचौघांत विचारलं जातं त्यात शरम कसली? लपून विचारलं तर भीती.” आम्हाला हे पटलं, आणि त्यावरूनच घरात नियम ठरला. प्रश्न स्वतःच्या नावानं विचारायचा, पण फोटो, फोन नंबर, पत्ता, कॉलेजचं नाव द्यायचं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांना दिसेल अशा जागी. कोणी म्हणालं की खासगीत बोलू, नंबर दे, तर तिथंच थांबायचं आणि घरी सांगायचं. हा नियम धाकट्यालाही लागू.

उरला प्रश्न, की विचारायचं कसं. इथं दुकानाचा अनुभव कामी आला.

दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मोटार बंद पडली.” एवढ्यावरून कोणताही कारागीर काही सांगू शकत नाही. तो विचारतो. अजिबात फिरत नाही, की गुणगुणते पण फिरत नाही? कधीपासून? त्या दिवशी लाइट कमी-जास्त झाली होती का? जळका वास आला का? आधी कोणी उघडली होती का? गुणगुणते पण फिरत नाही म्हटलं की हात आधी कपॅसिटरकडे जातो. फ्यूज उडतो म्हटलं की कॉइल तपासायची. म्हणजे निम्मी दुरुस्ती विचारण्यात होते, पान्याला हात लावण्याआधी. उत्तर देणारा परका माणूस तर आपल्या मोटारीजवळही नाही. तो वास घेऊ शकत नाही, हात लावू शकत नाही. त्याला दिसतं ते फक्त आपण लिहू तेवढंच.

मग आम्ही तिघं बसलो. आम्हाला एक्सकॉस येत नाही, पण गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारता येतं. ती सांगत गेली आणि लिहीत गेली. सायलॅबची आवृत्ती कोणती. टाकी केवढी. कोणकोणते चौकोन, कोण कुणाला जोडलेला. काय दिसायला हवं होतं, तर वाढत जाणारी रेषा. प्रत्यक्षात काय दिसतं, तर कोरी खिडकी. चूक झाल्याची सूचना येते का? इथं ती थांबली. “नाही अम्मी, तशी सूचना येतच नाही. चालतं, वेळ संपते, बंद होतं.” म्हणजे मॉडेल चालत नाही हे तिचं पहिलं वाक्य बरोबर नव्हतं. मॉडेल चालत होतं, दिसत नव्हतं. या दोन गोष्टींत केवढा फरक आहे! पुढं तिनं आतापर्यंत काय करून पाहिलं तेही लिहिलं, म्हणजे उत्तर देणाऱ्यानं तेच परत सांगायला नको. शेवटी पडद्याचं चित्र जोडलं, सलाम लिहिला, आणि पाठवलं. मगरिबची अजान व्हायच्या आत हे काम झालं.

रात्री उत्तर आलं. लिहिणारा कोण, कुठला, आम्हाला माहीत नाही. त्यानं आधी विचारलं, “पातळी सेंटिमीटरमध्ये आहे का?” मग लिहिलं, “तुमच्या आलेखाच्या चौकोनात वरची मर्यादा १५ आहे. टाकीत पाणी सुरुवातीलाच ६० आहे. रेषा आहे, पण खिडकीच्या वर आहे. मर्यादा २०० करून पाहा.”

तिनं आकडा बदलला. रेषा समोर आली. आधी भरभर चढणारी, मग वाकत वाकत सपाट होणारी, टाकीनं वागावं तशीच. तिचा हिशेब पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मल्टिमीटरची रेंज लहान ठेवून मोठा व्होल्टेज मोजायला गेलं तर मीटर आकडा दाखवत नाही, आणि नवखा कारागीर समजतो की मीटर बिघडला. अब्बूंनी हे सांगितल्यावर लेक हसली. चार दिवसांनंतर घरात ते हसू ऐकू आलं. सोमवारी तिनं स्वतःचं काम दाखवलं, आणि सरांनी तारांबद्दल विचारलं ते सगळं तिला सांगता आलं. विकत आणलेल्या फाइलीवर ते शक्य नव्हतं.

दुसऱ्याला करता येईल असं नीट लिहून ठेवणं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. दियारबकरच्या दरबारात काम करणाऱ्या अल्-जझारींनी १२०६ मध्ये यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पन्नास यंत्रं आहेत, पाण्याच्या घड्याळांपासून पाणी उपसण्याच्या साधनांपर्यंत. पाण्याच्या घड्याळात अडचण आमच्या लेकीच्या टाकीचीच होती. भांड्यातलं पाणी उतरलं की धार मंदावते, आणि घड्याळ मागं पडतं. त्यावर उपाय म्हणून तरंगत्या झडपेनं पातळी एकसारखी ठेवत. अल्-जझारींचं वेगळेपण असं की त्यांनी यंत्राचं नुसतं वर्णन केलं नाही, प्रत्येक भाग कसा घडवायचा, कुठं बसवायचा हे सांगितलं. म्हणूनच लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये १९७६ साली त्यांचं मोठं घड्याळ पुन्हा बांधून चालवून दाखवता आलं. साडेसातशे वर्षांहून जास्त काळानंतर!

आपल्या महाराष्ट्रातही अशी सोय आहे, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर करून दाखवलेले, मोफत. सायलॅबसारख्या सॉफ्टवेअरचे आणि इतरही अनेक पाठ आहेत, आणि त्यांतले पुष्कळ मराठीत बोललेले आहेत. लेकीनं पाया तिथूनच पक्का केला. तिथं प्रश्न विचारण्याची रीत आम्हाला फार आवडली. कोणत्या पाठात, कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडलं ते सांगायचं असतं. म्हणजे विचारणाऱ्याला आधी स्वतःलाच शोधावं लागतं की नक्की कुठपर्यंत समजलं आणि कुठून समजेनासं झालं.

पालकांना आमचं सांगणं एवढंच. आपल्याला कॉम्प्युटर येत नाही म्हणून मुलांपासून लांब बसू नका. शेजारी बसा आणि विचारा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, कधीपासून, काय करून पाहिलंस? शिवणकाम करणारीलाही हे विचारता येतं. ब्लाउज बसत नाही म्हणून आलेल्या बाईला ती हेच विचारते, खांद्याला की बगलेत? मूल उत्तरं देता देता कित्येकदा स्वतःच वाट काढतं. नाही निघाली, तर तीच उत्तरं एकाखाली एक लिहिली की प्रश्न तयार.

आणि उत्तर मिळालं की गप्प निघून जायचं नाही. आमच्या लेकीनं त्याच ठिकाणी शुक्रिया लिहून खाली लिहिलं, की अडचण कशामुळे होती, कोणता आकडा बदलला, आणि आता काय दिसतं. आपल्याला कोणी वेळ दिला, तर पुढं त्याच जागी अडणाऱ्याचा आपल्यावर तेवढा हक्क राहतो. जुन्नरची असो की जालन्याची, कोऱ्या खिडकीसमोर रात्री जागणाऱ्या एखाद्या मुलीला त्या चार ओळी सापडतील, आणि तिच्या घरी तयार प्रोजेक्टची किंमत विचारण्याची वेळ येणार नाही.