दोन कुऱ्हाडे

तीच क्वेरी, तोच सर्व्हर, तोच मायएसक्यूएलचा डेटाबेस. माझ्या मशीनवर २६ ओळी आणि आमच्या टेस्टरच्या मशीनवर १५. अशा वेळी ऑफिसात जे होतं तेच झालं. एक म्हणाला कॅश असेल, दुसरा म्हणाला रेप्लिका मागे पडला असेल, तिसरा म्हणाला आधी चहा घेऊन येऊ (हा सल्ला त्यातल्या त्यात बरा होता).

काम एका पतसंस्थेचं. लाभांशाची यादी आडनावानुसार काढायची आणि शाखेच्या रजिस्टरशी ताडून बघायची. रजिस्टरात कुऱ्हाडे आडनावाचे सभासद ४१. आता २६ आणि १५ किती होतात ते सांगायला नकोच. म्हणजे यादी कुणीही काढली तरी थोडे कुऱ्हाडे गायब! उद्या खिडकीवर कुणा आजोबांना 'तुमचं नाव कॉम्प्युटरमध्ये नाही' हे ऐकावं लागणार, आणि कॉम्प्युटरचं नाव घेतलं की आपल्याकडे माणूस वादसुद्धा न घालता घरी जातो.

चहानंतर तिने तिची क्वेरी मला चॅटवर पाठवली. जशीच्या तशी चिकटवली, तर माझ्याकडेही १५. म्हणजे सर्व्हर बिचारा निर्दोष, क्वेरीच वेगळी! पण डोळे फाडून पाहिलं तरी काना-मात्रेचाही फरक दिसेना. शेवटी लेंथ फंक्शन लावलं. माझा कुऱ्हाडे २४ बाइट्सचा, तिचा २७ चा. हेक्समध्ये पाहिलं तर तिच्या र आणि हलन्तानंतर ई२ ८० ८डी असे तीन बाइट्स बसलेले. झीरो विड्थ जॉइनर. नावाप्रमाणेच रुंदी शून्य, दिसणार कुठून?

मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ उमटतो, त्याला हलन्त जोडायचा. दुसरी तऱ्हा १९९६ च्या युनिकोड २.० मधली: साधा र, हलन्त आणि जॉइनर. जुनं लेखन मोडू नये म्हणून तीही चालू ठेवली आहे. तुमचा कळफलक यातलं काय उमटवतो ते तुम्हाला कोण सांगणार! पडद्यावर दोघे जुळे भाऊ, पण आमचं कोलेशन बायनरी. ते बाइट्स बघतं, चेहरा नाही.

एनएफसी नॉर्मलायझेशन करून बघितलं, ते जॉइनरला हातच लावत नाही. मग कुणीतरी म्हणालं, कोलेशन बदलून युनिकोडवालं करा. ते जॉइनर हिशेबात धरत नाही हे खरं, पण मग दर्या आणि दर्‍या एकच होतात, आचार्यांना आणि आचार्‍यांना एकाच पंगतीत बसतात. मराठी माणसाने तरी हे चालवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून टेबलाचा बॅकअप घेतला, जॉइनरवाला र शोधून सगळीकडे ऱ केला आणि नवीन नोंद होतानाच तो बदलेल अशी सोय केली. क्वेरीत ४१ आले. मग नाव आणि जन्मतारखेवर युनिक इंडेक्स लावायला गेलो तर तो लागेना. दोन कुऱ्हाडे दोनदा नोंदलेले निघाले, वेगवेगळ्या सभासद क्रमांकांनी, वेगवेगळ्या कळफलकांवरून. म्हणजे रजिस्टरातले ४१ तरी खरे कुठे? शाखेत फोन केलाय, मूळ अर्ज शोधतायत.