टोकियोतील एक जेवण

काही काळापूर्वी आम्ही नागासाकीच्या यात्रेस निघालो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका विधवा माउलीने आमच्या हाती आमसुलांची पुडी दिली आणि म्हटले, "फादर, माझा मुलगा टोकियोत आहे. तो पोटभर जेवतो की नाही, एवढे तुमच्या डोळ्यांनी पाहून या." वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली ज्या टेकडीवर क्रूसावर प्राण अर्पिले, तेथे प्रार्थना करून आम्ही परतलो व वाटेत दोन दिवस टोकियोस थांबलो.

मुलगा तेथे एका भारतीय उपाहारगृहात आचारी आहे. स्टेशनवर भेटताच तो म्हणाला, "फादर, तुम्हांला येथले उत्तम बीफ खाऊ घालायचे आहे. आज शुक्रवार, तेव्हा उद्या दुपारी." शुक्रवारची आठवण त्याने ठेवली याचा आम्हांस आनंद झाला; परंतु त्या जेवणाची किंमत ऐकून आमचा चेहरा उतरला. तेवढ्यात आमच्या गावी एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा भरावा! "बाळ, हे पैसे आईस पाठव," असे आम्ही जरा कठोरपणेच म्हणालो. तो खाली मान घालून उभा राहिला.

वाचकहो, या मांसाची एवढी थोरवी का, हे सांगितले पाहिजे. त्यास 'वाग्यू' म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच की जपानी गुरे. त्यांच्या चार जाती असून काळी जात सर्वांत अधिक आढळते. मांसात चरबीच्या बारीक शिरा संगमरवरासारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे ते जिभेवर विरघळते. परंतु या गुरांचे पूर्वज भातखाचरांत नांगर ओढीत व ओझी वाहत, अगदी आपल्या बैलांप्रमाणे. ६७५ साली सम्राट तेन्मू यांनी गुरांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. १५५७ साली बुंगो प्रांतात येशूसंघीय मिशनऱ्यांनी पास्काच्या सणास गोमांस घालून भात शिजविला आणि तो नवख्रिस्ती लोकांस वाढला. पुढे १५८७ साली राज्यकर्ता हिदेयोशी याने मिशनऱ्यांस विचारले की, शेतात राबणारी जनावरे तुम्ही का खाता? ज्यांच्या गोठ्यात बैल आहे, त्यांस हा प्रश्न परका वाटणार नाही. सम्राट मेइजी यांनी १८७२ साली गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, आणि मग तेथील लोकांचा संकोच हळूहळू मावळला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आम्हांस आसाकुसा भागात घेऊन गेला. तेथे १८९५ पासूनचा वारसा सांगणारे 'इमाहान' आहे. तेथे उथळ लोखंडी कढईत सोयाचा रस व साखर घालून मांसाचे पातळ काप शिजवितात. ते फेटलेल्या कच्च्या अंड्यात बुडवून खावयाचे. त्यास सुकियाकी म्हणतात. गिन्झा भागात तापलेल्या लोखंडी पत्र्यावर समोरच भाजून देणारी भोजनगृहे आहेत. ती फार महाग. "दुपारी जावे, फादर; रात्रीपेक्षा स्वस्त पडते," असे सांगून तो आम्हांस गल्लीतील एका लहान घरगुती दुकानात घेऊन गेला. तेथे मेजावरील निखाऱ्यावर आपणच काप भाजावयाचे असतात व थोडेसेच मागविता येते.

आत शिरण्यापूर्वी त्याने भिंतीवरील दहा आकडी क्रमांक आम्हांस दाखविला. २००१ साली जपानात गुरांच्या मेंदूचा रोग आढळला. त्यानंतर २००३ साली तेथे कायदा झाला आणि प्रत्येक जनावरास असा क्रमांक मिळाला. त्यावरून ते कोठे जन्मले, कोठे वाढले, हे कोणासही पाहता येते. "आणि 'कोबे' नाव वाचून भुलू नये," तो म्हणाला. ह्योगो प्रांतात जन्मलेल्या व तेथेच वाढलेल्या ताजिमा वंशाच्या गुरांपैकी कसोटीस उतरलेल्यांनाच ते नाव मिळते. 'ए-५' या खुणेतील अक्षर जनावरामागे मांस किती निघते हे सांगते, आणि आकडा त्याचा दर्जा सांगतो. पाच हा सर्वांत वरचा. नुसते 'देशी' लिहिलेले मांस वाग्यू असेलच असे नाही.

एवढे ज्ञान ज्यास होते, त्याने ते मांस पूर्वी कितीदा खाल्ले असेल? आम्ही विचारले. तो हसला. "एकदाही नाही, फादर. आईचे पैसे दर महिन्यास जातात; त्यांना मी हात लावला नाही. हे माझ्या जेवणातून वाचविलेले. तुम्ही येणार असे आईने कळविले, तेव्हापासून."

आमच्या हातातील काप तसाच राहिला. बेथानीत मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणी ओतले, तेव्हा ते विकून गरिबांस द्यावे असे कोण म्हणाला होता, हे आम्ही दरवर्षी पवित्र सप्ताहात लोकांस सांगतो. आदल्या दिवशी स्टेशनवर आम्ही त्याच्याच शब्दांत बोललो होतो. आम्ही मुलाची क्षमा मागितली, क्रूसाची खूण केली आणि जेवलो. मांस खरोखरच अप्रतिम होते. चार-सहा कापांतच तृप्ती झाली. उरलेले आम्ही त्याच्या ताटात वाढले, आणि तो संपवीपर्यंत उठलो नाही.

गावी परतताच माउली दारात उभी होती. "जेवतो ना नीट?" आम्ही खोटे बोलू शकत नव्हतो. "बाई, त्याने आम्हांस राजासारखे जेवू घातले, स्वतः मात्र उपास काढतो. त्यास लिहा की, दर महिन्यास थोडे कमी पाठव, पण दोन वेळा नीट जेव."

तिने डोळ्यांस पदर लावला. त्याच रात्री तिने शेजारच्या मुलीकडून पत्र लिहवून घेतले.